वीतभर धनुष्याचा हिशेब

२०१७ च्या जून महिन्यात चीनमधल्या शाळांच्या आसपासच्या दुकानांत एक खेळणे इतके खपू लागले की पोलिसांना मध्ये पडावे लागले. तळहातावर मावेल एवढी धातूची चौकट, तिच्या तोंडाशी आडवे बसवलेले इवलेसे धनुष्य, एक दोरी, एक चाप आणि बाण म्हणून जेवणानंतर दात कोरायची टूथपिक. किंमत काही युआन. टूथपिकच्या जागी सुई किंवा बारीक खिळाही बसतो, हे लवकरच उघड झाले. फुगे, सफरचंदे, पुठ्ठे आणि शीतपेयांचे डबे यांना पडलेल्या भोकांची छायाचित्रे फिरू लागली. पालक धास्तावले. चेंगडूच्या पोलिसांनी विक्री थांबवली, इतर शहरांनी तोच कित्ता गिरवला आणि ऑनलाइन बाजारांतूनही ही वस्तू उतरवण्यात आली.

ही बातमी वाचली तेव्हा मी या खेळण्याच्या चारशे वर्षे जुन्या युरोपीय भावंडाच्या मागे लागलो होतो. माझी पदवी इतिहासातली नाही. तीस वर्षे मी टूलरूममध्ये गेज, फाइल आणि स्प्रिंग यांच्या संगतीत काढली. इतिहास शिकलो तो रद्दीतून उचललेल्या पुस्तकांतून आणि संग्रहालयांच्या सूचींतून. त्यामुळे जुने यंत्र दिसले की ते कोणाचे होते यापेक्षा ते चालत कसे असेल, हा प्रश्न मला आधी पडतो. या लेखात तोच प्रश्न मी दोन भित्यांना विचारणार आहे. एक भीती जुनी आणि खानदानी, दुसरी परवाची आणि बाजारी.

आधी नावाची अडचण. ज्याला इंग्रज क्रॉसबो म्हणतात त्याला मराठीत रुळलेला शब्द नाही, कारण ती वस्तू आपल्याकडे रुळली नाही. आपल्याकडे गोफण आहे, गलोल आहे, पोरांची बेचकी आहे. अरुणाचलातले लिसू आणि समुद्रापलीकडचे निकोबारी लोक आडवे धनुष्य वापरत आले, पण सह्याद्रीच्या अंगाला ते दिसत नाही. कोशकार ‘आडवे धनुष्य’ किंवा ‘यंत्रधनुष्य’ असे काहीतरी बनवून देतात. गंमत अशी की बंदुकीच्या ज्या भागावर आपण बोट ठेवतो त्याला मराठी माणूस चाप म्हणतो, आणि संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. आडव्या धनुष्यात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात: एक चाप ताणायचा, दुसरा ओढायचा. मी इथे क्रॉसबो हाच शब्द वापरतो.

साध्या धनुष्यात ताणलेली दोरी धनुर्धराच्या बोटांत असते. हात थकला की नेम गेला. क्रॉसबोत दोरी एका खाचेत अडकून बसते. ताणण्याचे काम कंबरेने, दोन्ही हातांनी, तरफेने किंवा रहाटाने करून घ्यायचे आणि मग निवांत नेम धरायचा. त्यामुळे आयुष्यभराचा सराव नसलेला माणूसही चिलखती सरदाराला लोळवू शकला. १११९ साली नव्हे, १२१५ साली नव्हे, त्यांच्या दरम्यान, ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेत चर्चने ख्रिस्ती लोकांविरुद्ध या कलेचा वापर निषिद्ध ठरवला. उपयोग काही झाला नाही. ११९९ साली इंग्लंडचा राजा रिचर्ड फ्रान्समध्ये शालूच्या किल्ल्यासमोर क्रॉसबोच्याच बाणाने जखमी होऊन मेला, आणि १२१५ च्या मॅग्ना कार्टात परदेशी क्रॉसबोवाल्यांना देशाबाहेर घालवण्याचे कलम आले. या शस्त्राची बदनामी अशी प्रतिष्ठित आहे.

या बदनामीचा वारसा एका वीतभर वस्तूकडे आला. तिला इटालियनमध्ये बालेस्त्रिनो म्हणतात. युरोप-अमेरिकेतल्या शस्त्रसंग्रहांत तिचे नमुने आहेत. सबंध पोलादी, धनुष्य वीत-सव्वावीत रुंद, दांड्याच्या पोटातून जाणारा आट्यांचा स्क्रू. मागची मूठ फिरवत राहिले की स्क्रू दोरीला मागे ओढत नेतो. कारागिरी अशी की आमच्या टूलरूममधल्या जुन्या मिस्त्रींनीही हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली असती. आणि तिला चिकटलेले नाव काय? ‘मारेकऱ्याचे धनुष्य’. झग्याखाली लपवायचे, गर्दीत जायचे, विषारी बाण सोडायचा आणि आवाज न होता निघून जायचे. लिलावाच्या सूचींत आणि शस्त्रांच्या लोकप्रिय पुस्तकांत ही कथा पुन्हापुन्हा भेटते.

कथा म्हणून ती झकास आहे. पण सोळाव्या शतकातले मारेकरी काही अज्ञात लोक नाहीत. त्यांच्यावर खटले चालले, जबान्या झाल्या, हालहाल करून त्यांना मारले गेले. १५६३ मध्ये ऑर्लिआँजवळ ड्यूक ऑफ गीझवर हल्ला झाला तो पिस्तुलाने. १५७० मध्ये स्कॉटलंडचा राजप्रतिनिधी मरे लिनलिथगोच्या रस्त्यात पडला तो बंदुकीने. १५७२ मध्ये पॅरिसमध्ये अ‍ॅडमिरल कॉलिन्यी जखमी झाला, तोही बंदुकीनेच. १५८४ च्या जुलैत डेल्फ्टमध्ये विल्यम ऑफ ऑरेंजला बाल्थाझार जेरारने पिस्तुलाने टिपले. १५८९ मध्ये तिसरा हेन्री आणि १६१० मध्ये चौथा हेन्री हे फ्रान्सचे दोन राजे सुरीने गेले. ज्या काळात बालेस्त्रिनो झग्याखाली फिरत असल्याचे सांगतात, त्या काळातल्या या गाजलेल्या हल्ल्यांत तिचा मागमूस नाही. आणि कारणही उघड आहे. चक्राच्या ठिणगीने पेटणारे पिस्तूल तोवर आले होते. ते भरून, किल्ली देऊन, कपड्यांत लपवून नेता येई. राज्यकर्ते घाबरले ते त्याला. सम्राट मॅक्सिमिलियनने १५१७ मध्ये अशा आपोआप पेटणाऱ्या बंदुकांवर बंदी घातली होती.

कागदपत्रांचा पुरावा नकारात्मक असतो; सापडले नाही म्हणजे घडले नाही असे होत नाही. म्हणून हिशेबाकडे वळू. वाचकांनी घाबरू नये, गुणाकार-भागाकारापलीकडे यात काही नाही.

सर राल्फ पेन-गॉलवे हा यॉर्कशरचा एक जमीनदार, पाणपक्ष्यांचा नामांकित शिकारी आणि अस्सल हौशी माणूस. त्याचे ‘द क्रॉसबो’ हे जाडजूड पुस्तक १९०३ मध्ये लंडनला निघाले. व्यावसायिक इतिहासकारांनी त्यात चुका काढल्या आहेत, तरी मला तो गृहस्थ जवळचा वाटतो, कारण तो लिहिण्याआधी दुरुस्त करून, ताणून, सोडून पाहत असे. त्याच्याकडे वेढ्यात वापरायचा एक जुना पोलादी क्रॉसबो होता. वजन १८ पौंड, म्हणजे आठ किलो. धनुष्य तीन फूट दोन इंच. दोरी पूर्ण ओढायला १,२०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४० किलोंचा जोर. वेल्स आणि अँगलसी बेट यांच्या मधली मेनाई सामुद्रधुनी जिथे ४४० ते ४५० यार्ड रुंद आहे, तिथे उभे राहून त्याने या क्रॉसबोचे बाण पलीकडच्या काठावर टाकले. चारशे मीटरांहून जास्त! एवढे अंतर कापायला बाण सुटताना सेकंदाला किमान ६० मीटरांहून अधिक वेगाने निघाला पाहिजे, हे शाळेतल्या सूत्राने निघते. बाण ८० ग्रॅमचा धरला तर त्याच्यातली ऊर्जा होते १६० ज्यूलच्या घरात. शंभर ग्रॅमचा बटाटा एक मीटर वर उचलायला साधारण एक ज्यूल लागतो. म्हणजे बाणाच्या टोकावर एकशे साठ बटाट्यांचे काम साठलेले.

आता हाच क्रॉसबो, हेच पोलाद, अगदी याच प्रमाणात वाकणारे धनुष्य, पण सगळी मापे एक चतुर्थांश करा. धनुष्य चोवीस सेंटिमीटरांचे होईल, म्हणजे नेमकी बालेस्त्रिनो. ओढायचा जोर पोलादाच्या छेदावर अवलंबून असतो, म्हणून तो चारच्या वर्गाने, सोळा पटींनी घटतो: ५४० चे ३४ किलो. दोन बोटांनी हे ओढता येत नाही, म्हणूनच तो स्क्रू! इथवर वस्तू आणि हिशेब एकमेकांची साक्ष देतात. पण दोरी ओढण्याचे अंतरही चौथा हिस्सा झाले आहे. जोर सोळा पटींनी कमी, अंतर चार पटींनी कमी. साठणारी ऊर्जा चौसष्ट पटींनी कमी. १६० चे राहिले अडीच ज्यूल. दहा मीटरांवरच्या स्पर्धेत आपल्याकडची शाळकरी मुले जी एअर रायफल वापरतात, तिच्या छऱ्यात याच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा असते.

अडीच ज्यूल, बाण सव्वा ग्रॅमचा. बाण जड केला तर वेग उतरेल, ऊर्जा तीच. समोर सोळाव्या शतकातला प्रतिष्ठित माणूस: लोकरीचा झगा, त्याखाली अस्तर भरलेला अंगरखा, त्याखाली सदरा. उघड्या गळ्यावर अगदी जवळून बाण लागला तर इजा होईलच. पण तेवढ्या जवळ गेलेल्या मारेकऱ्याला सुरी काय वाईट होती? शिवाय एक बाण चुकला की पुन्हा मूठ फिरवत बसायचे. या अडचणीतूनच कथेला विषाची गरज लागली असावी, असा माझा तर्क आहे. विष अगदीच हवेतले नाही. स्पेनमधले क्रॉसबोधारी शिकारी हेलेबोर या वनस्पतीचा रस बाणांना लावत; त्या झाडाचे स्पॅनिश लोकनामच क्रॉसबोवाल्यांची वनस्पती असे आहे. मात्र ती शिकार होती. मोठ्या धनुष्याने बाण जनावराच्या मांसात खोल रुतायचा, मग विष रक्तात मिसळायचे, मग शिकारी रक्ताच्या मागावर चालत राहायचा. झग्याच्या अस्तरात अडकलेल्या सुईला हे जमणारे नाही.

मग ही नाजूक यंत्रे कोणासाठी घडवली गेली? मला ती कुलुपे आणि घड्याळे करणाऱ्यांच्या घराण्यातली वाटतात. त्या काळातल्या राजेलोकांना यंत्रांचे वेड होते. सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्ट हजारो हत्यारे जमवी आणि स्वतः लेथवर बसून हस्तिदंत कातत असे. अशा दालनात स्क्रूने ताणली जाणारी, टेबलापलीकडच्या फळीवर नेम मारणारी पोलादी वीतभर वस्तू शोभते. कारागिराला आपला हात दाखवायचा होता, मालकाला पाहुण्यांना चकित करायचे होते. थोडक्यात, ती हौशी संग्राहकांची वस्तू होती आणि आजही आहे. काही नमुन्यांवर तर संग्रहालयांनी थेट एकोणिसाव्या शतकाची तारीख घातली आहे.

एकोणिसावे शतक इथे महत्त्वाचे. इंग्लंडात १८२४ मध्ये सॅम्युअल मेरिकचा जुन्या चिलखतांवरचा ग्रंथ निघाला, १८३९ मध्ये स्कॉटलंडमधल्या एग्लिंटनला उमरावांनी मध्ययुगीन द्वंद्वांचा मेळावा भरवला (धो धो पाऊस आला आणि चिलखती वीरांवर छत्र्या धराव्या लागल्या), आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत ढाली-तलवारी लटकू लागल्या. मागणी आली की माल येतो. न्यूरेम्बर्गची ती प्रसिद्ध खिळ्यांची लोखंडी पेटी, जिच्यात मध्ययुगात माणसे कोंडून मारत असे सांगत, तीही याच काळातली जुळणी आहे. नुसते ‘छोटे धनुष्य, कुशल कारागिरी’ म्हणून जी वस्तू शंभराला जाईल, ती ‘मारेकऱ्याची’ म्हटल्यावर पाचशेला जाते. हे आपल्याकडच्या जुन्या बाजारात कट्यारी विकणाऱ्यांनाही ठाऊक आहे. प्रत्येक कट्यार कुठल्या ना कुठल्या सरदाराची असते.

अर्थात, लहान शस्त्राची भीती विक्रेत्यांनी शून्यातून काढली नाही. आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्यात ती स्वच्छ दिसते. वर्षाला शंभर पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्याने क्रॉसबो किंवा हातबंदूक बाळगू नये, असे तो कायदा म्हणतो. पण पुढे जाऊन बंदुकीची किमान लांबीही ठरवतो. हातबंदूक दांड्यासकट एक यार्डाहून आखूड नको, दुसऱ्या एका जातीची पाऊण यार्डाहून आखूड नको. लांब बंदूक चालेल, आखूड नाही! लांब शस्त्र दुरून दिसते. आखूड शस्त्रापुढे समोरचा माणूस कोण आहे ते कळत नाही. कायदा मोजत होता ती लपवण्याची शक्यता. बालेस्त्रिनोवर आरोप आला तोही तिच्या आकारावरून, ताकदीवरून नव्हे.

आता पुन्हा चेंगडूकडे, आणि पुन्हा पेन-गॉलवेच्या क्रॉसबोकडे. या वेळी मापे एक दशांश करू. धनुष्य दहा सेंटिमीटरांहून थोडे कमी. ओढायचा जोर शंभर पटींनी घटून साडेपाच किलो, अंगठा आणि तर्जनीच्या आवाक्यातला. ८० ग्रॅमचा बाण हजार पटींनी हलका होऊन ०.०८ ग्रॅमचा, आणि एका टूथपिकचे वजन जवळपास तेवढेच भरते. ऊर्जा ०.१६ ज्यूल. बटाटा जमिनीवरून सोळा सेंटिमीटर उचलला, एवढेच. विक्रेत्याने हा आकडा मांडला असता तर पालकांना हसूच आले असते.

पण एक आकडा मी अजून सांगितलेला नाही. ऊर्जा हजार पटींनी घटली आणि बाणाचे वजनही हजार पटींनीच घटले. दोन्ही एकाच मापाने घटले की वेग बदलत नाही. मेनाईची सामुद्रधुनी ओलांडणारा बाण ज्या वेगाने सुटला, त्याच वेगाने, सेकंदाला साठ मीटरांनी, ही टूथपिक सुटते. हा कागदावरचा आदर्श हिशेब आहे. स्वस्तातले पत्र्याचे खेळणे तेवढे चोख नसणार. तरी तत्त्व खोटे ठरत नाही. आकार लहान केल्याने वस्तू हलकी होते, मंद होत नाही. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या शेवटच्या ग्रंथात हाडांच्या आणि तुळयांच्या बाबतीत मोठे-लहान करण्याचा जो विचार मांडला, त्याच विचाराचा हा एक कोपरा. उलट दिशेने पाहायचे तर लिओनार्दोने कागदावर काढलेला बेचाळीस ब्राच्यांचा, म्हणजे सुमारे पंचवीस मीटर रुंद क्रॉसबो बनला असता, तरी त्याचा धोंडा लहान क्रॉसबोच्या बाणापेक्षा वेगवान नसता; वजनदार मात्र असता.

वेग तोच, म्हणून समोरच्याला चुकवायला मिळणारा वेळही तोच. वर्गातल्या दोन बाकांच्या अंतरावर तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी असतो, आणि पापणी मिटायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. हलक्या काडीला हवा लवकर अडवते, त्यामुळे लांबवर तिच्यात जीव उरत नाही. पण मुले एकमेकांपासून लांब उभी राहून खेळत नाहीत. सदऱ्यावर ०.१६ ज्यूल म्हणजे टोचल्यासारखे वाटेल. बुबुळाला झगा नसतो, अस्तर नसते. आणि टूथपिकच्या जागी पोलादी सुई बसवली तर तीच ऊर्जा केसाएवढ्या टोकावर एकवटते.

एकाच हिशेबाने इटलीतला मारेकरी निर्दोष सुटला आणि चीनमधल्या आयांची काळजी खरी ठरली. ‘खेळणेच तर आहे’ या दुकानदारी उत्तराचा मला राग येतो तो म्हणून. संग्राहकांसाठी बनणारे पोलादी नमुने आजही विकले जातात आणि त्यांच्या घडणीचे मला कौतुक आहे. काचेच्या कपाटात ते अवश्य असावेत. त्यांच्यासोबत सुईसारखे बाण विकण्याचे मात्र मला काही कारण दिसत नाही.

चीनमध्ये हे घडले याला एक वेगळा अर्थही आहे, कारण क्रॉसबोचा चाप सर्वांत सुंदर घडवला तो तिथल्याच ओतारींनी. पहिल्या सम्राटाच्या मातीच्या सैन्याबरोबर पुरलेले असे दोनशेहून अधिक कांस्य चाप शीआनजवळ निघाले आहेत. साधारण इसवी सन २०० च्या सुमाराच्या एका चिनी शब्दकोशात त्याच्या भागांची नावे सकारण दिली आहेत. दोरी धरतो तो दात, कारण तो दातासारखा. खाली लोंबते ती लटकती सुरी, कारण आकार तसा. दांडा म्हणजे बाहू. बोटाने सुरी मागे ओढली की मधला अडसर सरकतो, दात खाली पडतो, दोरी सुटते. शेकडो किलोंचा ताण एका बोटाच्या दाबाने मोकळा. आणि खऱ्याखोट्याचा खेळही तिथे जुनाच: मावांगदुईच्या तिसऱ्या थडग्यात, इसवी सनपूर्व १६८ मध्ये, मृताबरोबर जे क्रॉसबो ठेवले त्यांचे चाप कांस्याचे नसून शिंगाचे आहेत. परलोकात चालतील, इथे चालणार नाहीत.

पुढे बाराशे वर्षांनी, सुंग राजवटीत, जुन्या वस्तू जमवण्याची हौस विद्वानांत पसरली तेव्हा शेन ग्वो हा अधिकारी हायचौ इथे होता. तिथे कोणीतरी जमीन खणताना एक जुना चाप सापडला. त्याचा नेम धरायचा उभा दांडा नेहमीपेक्षा बराच लांब होता आणि त्याच्या कडेवर मोजपट्टीसारख्या खुणा कोरलेल्या होत्या. शेन ग्वोने त्या खुणांवरून काटकोन त्रिकोणाचे गणित मांडले: डोळा, बाणाचे टोक आणि खूण एका रेषेत आणून उंची कशी साधायची ते. मग त्याने तीन उभ्या आणि तीन आडव्या रेषांची आपली स्वतःची जाळी बसवली, तिच्यातून नेम धरून बाण सोडून पाहिले आणि आपल्या टिपणांत लिहून ठेवले की दहापैकी सात-आठ लागले.